कैलासवासी मॅनेजर

हौसराव गव्हाण्यांनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि त्या एका पत्रापायी त्यांना मरावं लागलं.

पत्र दौंडहून आलं होतं. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष पोपटराव हे रेल्वेतले निवृत्त गार्ड. निळं आंतर्देशीय पत्र, आणि अक्षर असं एका रांगेत की मालगाडीचे डबे वाटावेत. मजकूर थोडका होता: ‘आपले पोस्टकार्ड मिळाले. आपण “सेकंड शिफ्ट” या रॉक बँडचे व्यवस्थापक आहात हे वाचून आनंद झाला. आमच्या संघाचा वर्धापनदिन जवळ आला आहे. मागल्या साली व्याख्यान ठेवले, निम्मी मंडळी चहाच्या आधीच गेली. त्याच्या आधल्या साली भजन ठेवले, मंडळी बसली पण झोपली. म्हणून एकच विचारतो, खरे सांगावे. आपला बँड सुरू झाला की माणसे बसून राहतात की उठून जातात? उत्तराची वाट पाहतो.’

हौसरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि शब्दकोशात ठेवून दिलं. सरळ माणसानं सरळ प्रश्न विचारला होता, आणि सरळ प्रश्नापुढे हौसरावांची नेहमीच गाळण उडायची. बँडचं गाणं आजवर माणसांनी ऐकलंच नव्हतं. केंदूरच्या कांदाचाळीत तालीम चालायची, तिथं श्रोते म्हणजे खाली कांदे आणि शेजारच्या गोठ्यात एक म्हैस. कांदे बसून राहायचे. म्हैस दावं तोडून गेली होती. आता यावरून दौंडच्या ज्येष्ठ नागरिकांविषयी काय अनुमान काढायचं?

मुळात हा माणूस रॉक बँडच्या वाटेला गेलाच कसा, असं कुणीही विचारील. ते स्वतःलाही विचारायचे. शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून त्यांचा जन्म गेला. ‘शांतता राखा’ ही पाटीसुद्धा त्यांना जरा आरडाओरडीची वाटायची. पण नात राजनंदिनीनं ड्रम आणले आणि ते बाहेरच्या खोलीत मांडले. पहिल्या दिवशी शेजारच्या सिंधूबाई धावत आल्या. “भावजी, घरात काय पडलं का?” दुसऱ्या दिवशी त्या सल्ला घेऊन आल्या. “पोरीला एवढं बडवायचंच असलं तर माझ्या गाद्या आणून देते. पिंजून झाल्यापासून बडवल्या न्हाईत.” तिसऱ्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाच हौसरावांना धास्ती वाटली. आठवड्यात नगरपरिषदेची नोटीस आली.

नोटिशीला उत्तर लिहिणं मात्र त्यांना सोपं गेलं. ऑफिसला लिहिताना त्यांचा हात कधी अडखळत नसे, कारण तिथं कुणी वाचत नाही अशी त्यांची खात्री होती. चांगली चार पानं लिहिली, दोन संस्कृत वचनं घातली. खिडकीतल्या कारकुनानं शेवटचं पान तेवढं पाहिलं. “सही कोणत्या नात्यानं? आजोबा असं लिहून चालत न्हाई. व्यवस्थापक लिहा.” हौसरावांनी लिहिलं, वर शिक्का बसला, आणि ते बँडचे मॅनेजर झाले.

कामाला लागण्यापूर्वी विषयाची माहिती घ्यावी म्हणून त्यांनी जुन्या कॉलेजातलं ग्रंथालय पालथं घातलं. रॉक बँडच्या व्यवस्थापनावर मराठीत एकही पुस्तक नव्हतं. मधमाशीपालनावर होतं. त्यांनी ते आणून वाचलं आणि ते बरंच उपयोगी पडलं: आवाज चढला की जवळ जाऊ नये, आणि एकदम हालचाल करू नये.

बँड तसा आटोपशीर होता. राजनंदिनी ड्रमवर. सत्यजीत गिटार वाजवायचा आणि गायचा. तो रांजणगावच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला मशीनवर, म्हणून बँडचं नावही तेच. नोटिशीनंतर तालीम ज्याच्या कांदाचाळीत हलली तो केंदूरचा स्वराज घरचा झेंडू आणि कांदा बघून उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवायचा. त्या गिटारला चारच तारा पाहून हौसराव पहिल्याच दिवशी कळवळून म्हणाले होते, “बाळा, तुटलेल्या दोन मी आणून देतो.” पोरं हसली नाहीत. “आबा, हिला चारच असत्यात,” स्वराज म्हणाला आणि त्यांना बसायला रिकामा क्रेट दिला. त्याच क्षणी हौसरावांचा जीव या पोरांवर जडला. गाण्यावर जडायचा अजून बाकी होता. कानांत कापूस घालून ते प्रत्येक तालमीला बसत आणि गाणं संपलं की मान डोलवत. एकदा ती गाणं संपायच्या आधीच डोलवली गेली, तर सत्यजीत केवढा खूश झाला.

मॅनेजरचं खरं काम म्हणजे कार्यक्रम मिळवणं. त्यासाठी त्यांनी गठ्ठाभर पोस्टकार्डं आणली आणि तालुक्या-तालुक्यांतल्या मंडळांना, बचतगटांना, पतसंस्थांना स्वतःच्या हातानं लिहिली. राजनंदिनीनं कपाळावर हात मारला. “आजोबा, रॉक बँडचं मार्केटिंग पोस्टकार्डावर?” पण एक उत्तर आलंच ना! ते पोपटरावांचं. आणि नेमक्या त्या एकुलत्या एका पत्राचं उत्तर हौसरावांच्यानं लिहवेना. ‘बसून राहतात’ लिहिलं तर खोटं. ‘उठून जातात’ लिहिलं तर पोरांचा घात. ‘आपल्या प्रश्नाचे स्वरूप पाहता’ अशी सुरुवात करून त्यांनी नऊ कागद फाडले. दिवाळी आली, गेली. पत्र शब्दकोशातच राहिलं.

मग एका दुपारी राजनंदिनी नाचतच आत आली. “आजोबा, दौंडचा शो मिळाला! संघातल्या कुणाच्या तरी नातवानं इन्स्टावर मेसेज पाठवलाय. रविवारी, चार वाजता. मी हो म्हणून टाकलं!”

हौसरावांच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे पत्राचं उत्तर आता नाही दिलं तरी चालेल! इथंच त्यांची चूक झाली.

दुसऱ्या दिवशी सिंधूबाई पदर डोळ्यांना लावून दारात आल्या. ओसरीवर हौसराव शेंगा सोलत बसले होते. त्यांना पाहून बाई उंबऱ्यावरच थबकल्या.

“भावजी, तुम्ही... हाय?”

“आहे की. या ना.”

“मग हे काय हाय?” त्यांनी मोबाइल पुढं केला. दौंडच्या भाचीनं चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. ‘भव्य रॉक संगीत सोहळा’, खाली तिन्ही पोरांचे बोटाएवढे फोटो, आणि निम्मा फ्लेक्स भरून हौसराव. फोटो त्यांच्या निवृत्ती-समारंभातला होता, राजनंदिनीनं कधीतरी इन्स्टावर टाकलेला. गळ्यात जाड हार, आणि फोटोग्राफरनं नेमकी पापणी लवली तेव्हा बटण दाबलेलं. खाली लिहिलं होतं: प्रेरणास्थान, कै. हौसराव गव्हाणे.

आतून तुळजाबाई आल्या. त्यांनी फोटो पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं आणि आवाज लावला. “माझ्या कपाळाला कुंकू हाय, आन् दौंडच्या चौकात मला विधवा करून टांगलीया! आन् तुम्ही शेंगा काय सोलताय?”

अशा वेळी दुसरं काय सोलावं हे हौसरावांना सुचलं नाही.

राजनंदिनीनं तो मेसेज पुन्हा उघडला. तिनं घाईत तारीख तेवढी वाचून खाली अंगठा पाठवला होता. वर पोपटरावांनी नातवाकडून सविस्तर लिहवून घेतलं होतं: ‘तुमच्या आजोबांविषयी कुणी कळवले नाही, पण आम्ही समजलो. आमच्या वयाच्या माणसाने पत्राला उत्तर दिले नाही तर त्याचा अर्थ एकच असतो. त्यांची इच्छा म्हणून आपण कार्यक्रम करावा. मोठा फोटो त्यांचा लावतो, चालेल ना?’ त्याखाली राजनंदिनीचा अंगठा.

“मी आत्ता फोन करून सांगते,” ती ओशाळून म्हणाली. तेवढ्यात गाडी स्टँडवर लावायलाही न थांबता सत्यजीत आत घुसला.

“फोन करू नको! आबा, पाया पडतो, रविवारपर्यंत मेलेलेच राहा.”

प्रकरण असं होतं. सत्यजीतच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असायची. रविवारी रजा मागितली तर सुपरवायझर ईश्वर शितोळे म्हणाले, “लग्न, आजारपण नायतर मयत. गाण्याला रजा न्हाई.” त्याच वेळी सत्यजीतच्या मोबाइलवर हा फ्लेक्स आला. त्याचे डोळे विस्फारले. साहेबांनी हारातला मोठा फोटो तेवढा पाहिला आणि स्वतःहून पाठीवर हात ठेवला. “आजोबा का? जा बाबा. दिवसकार्याला तर जायलाच पाहिजे.” रजा मंजूर.

“म्हणजे मी खोटं बोलायचं?” हौसराव हादरले.

“बोलायचं कुठं हाय आबा? गप बसायचं. ते तर तुम्हाला जमतंयच की.”

तुळजाबाईंना हा मुद्दा पटला, हेच हौसरावांना जास्त लागलं.

मेलेलं राहणं एरवी त्यांना जड गेलं नसतं. घरात बसून वाचायचं, बाहेर पडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. निवृत्तीनंतर ते करत होते ते याहून फार वेगळं नव्हतं. पण महिना होता नोव्हेंबर. पेन्शनरांनी बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा महिना. त्यातही तुळजाबाईंनी शुक्रवारीच त्यांना हाकललं. “चार दिवस मेलात ते मेलात. पेन्शन मेली तर मी काय करू?”

बँकेत रांग होती, आणि रांगेत रांजणगावच्या कंपनीचे गणवेश घातलेली दोन पोरं. हौसराव मफलर नाकापर्यंत ओढून काउंटरशी वाकले.

“मी हयात आहे,” ते कुजबुजले.

“काय आहे?” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

“हयात.”

“मोठ्यानं बोला, आजोबा.”

त्यांनी मागं पाहिलं. गणवेशवाली पोरं इकडंच बघत होती. “हळूहळू... म्हणजे तसा आहे,” ते म्हणाले.

बाईंनी फॉर्म पाहिला, नाव पाहिलं, आणि शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसलं. “अगं, ग्रुपवर फोटो आला होता ते हेच ना?” मग मशीनवर अंगठा ठेवायला लावला. आयुष्यभर पुस्तकांची पानं उलटून हौसरावांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. मशीननं ओळख पटत नसल्याचा लाल दिवा दाखवला. त्यांना वाटलं, मशीनलाही कळलं. शेवटी डोळ्यांच्या मशीननं त्यांना जिवंत ठरवलं, पण बाईंनी शिक्का मारता मारता म्हटलंच, “तरी जपा हां.”

रविवारी स्वराजच्या छोट्या हत्तीतून सगळे निघाले. सकाळी त्याच टेम्पोतून झेंडू मार्केटला गेला होता, त्यामुळं ड्रमवर पाकळ्या आणि सगळ्यांच्या कपड्यांना वास. न्हावऱ्यावरून पुढं पारगावचा पूल येईपर्यंत हौसराव माकडटोपीत घाम पुसत होते. राजनंदिनी काठ्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर ठेका धरत होती. मध्येच ती थांबली. “आजोबा, खरं सांगा. आम्ही बरं वाजवतो ना?”

पोपटरावांचाच प्रश्न, फक्त आवाज वेगळा. हौसरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. “ऊस चांगला आलाय यंदा,” ते म्हणाले. तिनं काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या आणि उतरेपर्यंत पुन्हा वाजवल्या नाहीत.

मंगल कार्यालय रेल्वेलाइनच्या कडेला होतं. दारात स्वतः पोपटराव उभे, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि अजूनही झेंडी धरलेली असावी असा उजवा हात. “आपण?”

“मी टेम्पोबरोबर आलोय,” हौसराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

ते मागल्या रांगेत जाऊन बसले आणि समोर पाहिलं तर सत्यजीत पांढराफटक पडलेला. त्याच्या नजरेच्या रोखानं त्यांनी मान वळवली. दोन खुर्च्या सोडून सुपरवायझर ईश्वर शितोळे आईला, गिताबाईंना, घेऊन बसले होते. दौंडचेच ते. गिताबाईंच्या हातात काठी, गुडघ्यांना पट्टे. ईश्वरसाहेबांनी सत्यजीतला पाहून गंभीरपणे मान हलवली; दुःखात माणसानं मन रमवावं अशी ती मान होती.

कार्यक्रम दिवंगत सभासदांना श्रद्धांजलीनं सुरू झाला. संघाची तशी रीतच होती. नावं वाचता वाचता पोपटराव थांबले, त्यांनी चष्मा पुसला.

“आणखी एक नाव. ते आपले सभासद नव्हते. शिरूरचे कैलासवासी हौसराव गव्हाणे. या वयात पोरांच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस. मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. रोज पोस्टमनची वाट बघायचो. उत्तर द्यायच्या आत ते गेले.” त्यांनी नावांची यादी मिटली. “दोन मिनिटं उभं राहू या.”

सगळे उभे राहिले. हौसरावही राहिले. बसून राहिले असते तर बरं दिसलं नसतं. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, “ओळखीचे होते का?” हौसराव म्हणाले, “थोडीफार ओळख होती.” त्या दोन मिनिटांत मेल्याचं त्यांना काही वाटलं नाही, पण रोज दारात उभा राहून पोस्टमनची वाट पाहणारा एक म्हातारा गार्ड डोळ्यांपुढं आला आणि ते कानापर्यंत लाल झाले.

मंडळी बसली. पोपटराव मात्र माइकपाशीच राहिले. “आत्ता नाव घेताना माझ्या मनात आलं. ज्यांच्या घरी मयत झालंय त्या पोरांनी धांगडधिंगा करावा आणि आपण बघावा, हे बरोबर नाही. आपण बँड रद्द करून भजन घेऊ. पोरांना चहा-फराळ देऊ, मानानं पाठवू.”

भजनी मंडळ तयारीतच होतं. ते नेहमीच तयारीत असतं. कुणीतरी टाळ काढलेसुद्धा. सत्यजीतनं गिटारची वायर गुंडाळायला घेतली. बिंग न फुटता नोकरी वाचल्याचं सुख त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं. आणि राजनंदिनीनं दोन्ही काठ्या पिशवीत ठेवल्या, वर झेंडूची एक पाकळी चिकटली होती ती काढून टाकली, आणि चेन लावली.

ती चेन लागल्याचा आवाज पार मागं येणं शक्य नव्हतं. पण हौसरावांना तो आला. ते उठले. माकडटोपी काढली. खुर्च्यांच्या मधून चालत, तीन जणांच्या पायांवर पाय देत आणि तिघांची माफी मागत, ते माइकपाशी पोचले. जन्मात कधी माइकला हात लावला नव्हता. तो किंचाळला. ते मागं सरले, पुन्हा पुढं झाले.

“अध्यक्ष महाराज. मी हौसराव गव्हाणे. उशीर झाला, माफी असावी.”

सभागृहात टाचणी पडली असती तर तिलाही बोलायचं धाडस झालं नसतं. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “आत्ताच तर गेले होते!”

पोपटरावांनी चष्म्यावरून पाहिलं, मग मागल्या फ्लेक्सकडं, पुन्हा त्यांच्याकडं. हौसरावांना वाटलं डोळे मिटून दाखवावेत, म्हणजे ओळख पटेल. पण पोपटराव गार्डच होते; त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला. “मग उत्तर का नाही पाठवलं?”

“मला उत्तर माहीत नव्हतं,” हौसराव म्हणाले. आवाज आश्चर्यकारकरीत्या त्यांचाच होता. “यांचं गाणं माणसांनी ऐकलंच नाही. मी ऐकतो, पण मी आजोबा आहे आणि कानांत कापूस घालतो. तो आज घातलेला नाही. तुम्ही एकदा ऐका, आणि काय ते मलाच सांगा. आणि या मुलानं माझ्या मयताची रजा काढली, त्यात त्याची चूक नाही. पत्राला उत्तर मी दिलं नव्हतं.”

सत्यजीतनं डोळे मिटले. मागं ईश्वरसाहेब उभे राहिले होते.

पोपटरावांनी उजवा हात वर केला, जसा फलाटावरून गाडी सोडताना करत असतील तसा. “वाजवा.”

राजनंदिनीनं चेन उघडली, काठ्या एकमेकींवर चारदा आपटल्या, आणि सगळं छप्पर खाली आलं. निदान हौसरावांना तसं वाटलं. सहासात जणांनी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली. भजनी मंडळातल्या एकांनी टाळ पोटाशी धरले. सत्यजीत गाऊ लागला:

बस चुकली रं, बस चुकली,
पंचिंगची येळ हुकली,
सायब म्हणतोय कुठं हुता,
सांगू कसं मी, झोप लागली!

दुसऱ्या कडव्याला गिताबाई उठल्या. ईश्वरसाहेबांनी त्यांचा दंड धरला. हौसरावांनी मोजायला सुरुवात केली: गेल्या! पहिल्या गेल्या! आता एकेक उठणार.

“सोड रं हात,” गिताबाई म्हणाल्या. “बसून माझं गुडघं आखडल्यात.” आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेत येऊन त्यांनी काठी ठेक्यावर फरशीवर आपटायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. ठेका बिनचूक. मग पहिल्या रांगेतले ते आजोबा उठले. मग टाळवाले, टाळ वाजवतच. दुसऱ्या गाण्यापर्यंत एकही खुर्ची भरलेली उरली नाही; जे उठू शकत नव्हते त्यांना धरून उठवलं जात होतं. दाराकडं कुणीच जात नव्हतं. ड्रममागं राजनंदिनीचं डोकं वर-खाली होत होतं, आणि ते वर आलं की दर वेळी ती आजोबांकडं बघत होती. हौसरावांची मान डोलत होती. केव्हापासून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चहाच्या वेळी ईश्वरसाहेब सत्यजीतपाशी आले. हौसराव लगबगीनं मध्ये जाऊन उभे राहिले. आज मरायचंच आहे तर पुन्हा एकदा.

“काय रं,” साहेब म्हणाले, “आजोबा तर ठणठणीत हायेत.”

“व्हय साहेब,” सत्यजीत खाली बघत म्हणाला. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं आणि मान वर झाली. “पण साहेब, आज रविवार. शिफ्ट तर तुमचीबी हाय. तुम्ही कशाची रजा टाकली?”

ईश्वरसाहेबांनी चहाचा एक मोठा घोट घेतला. पलीकडं गिताबाई दुसऱ्या एका आजीला काठीनं ठेका शिकवत होत्या.

“आईचं आजारपण,” ते म्हणाले.

“मग आता कसं वाटतंय आईंना?” हौसरावांनी अगदी मनापासून विचारलं.

“उतार पडलाय.” साहेबांनी कप ठेवला. “सत्यजीत, आज आपली गाठ पडलेली न्हाई. आन् पुढच्या वेळंला अर्जात खरं लिही, गाण्यासाठी रजा पाहिजे म्हणून.”

“तसं लिहिल्यावर देताल साहेब?”

“न्हाई. पण लिही.”

सोमवारी सकाळी हौसराव टेबलाशी बसले. शब्दकोशातून ते निळं पत्र काढलं, समोर ठेवलं आणि पोस्टकार्ड घेतलं. तुळजाबाई चहा घेऊन आल्या. “आता कशाला? त्यांनी डोळ्यांनी बघितलंय की सगळं. फ्लेक्सबी उतरवलाय म्हणं.”

“विचारलं होतं त्यांनी. पत्राला उत्तर द्यायचं असतं.”

या वेळी एकही कार्ड फाटलं नाही. त्यांनी लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राचे उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व. आपण विचारले होते की आमचा बँड सुरू झाला की माणसे बसून राहतात की उठून जातात. बसून राहत नाहीत. उठतात. पण जात नाहीत. कळावे. आपला, हौसराव गव्हाणे, व्यवस्थापक, सेकंड शिफ्ट. हयात.’

स्टँडजवळच्या पेटीत टाकण्याआधी त्यांनी ते एकदा वाचलं, आणि टाकल्यावर पेटीला कान लावून पडल्याची खात्री करून घेतली.